वृद्धाश्रमातले दुर्लक्ष ओळखायचे कसे, आणि ओळखल्यावर करायचे काय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषा केंद्रात एखाद्या आजींना मारहाण होत असल्याची चित्रफीत फिरू लागली की दोन दिवस गदारोळ होतो, एका कर्मचाऱ्याला कामावरून काढले जाते आणि विषय मिटतो. वृद्धांच्या शुश्रूषेत काम करणाऱ्या आम्हा परिचारिकांना आणि डॉक्टरांना हे अपुरे वाटते. थप्पड कॅमेऱ्यात पकडता येते. सहा तास न बदललेली कूस, हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवलेला पाण्याचा पेला, रात्री शांतता राहावी म्हणून दिलेली जादा गोळी यातले काहीच कॅमेऱ्यात दिसत नाही, आणि अंथरुणाला खिळलेला माणूस बहुधा याच गोष्टींनी खंगतो. या खुणा वेळेवर ओळखता येतात. त्यासाठी वैद्यकीय शिक्षण लागत नाही, पण नेमके कुठे पाहायचे ते ठाऊक असावे लागते.

हे प्रकार अपवादाने घडतात, असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या माहितीप्रमाणे अशा संस्थांतल्या दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी, मागच्या वर्षभरात आपल्या हातून वृद्धांशी काही ना काही गैरवर्तन घडल्याचे स्वतःच सांगितले आहे. यात ओरडणे, हिडीसफिडीस करणे, हाकेला ओ न देणे हेही आले. तरीही आकडा लहान नाही.

भेटायला जाणारे नातेवाईक चेहरा पाहतात, ‘बरं आहे ना?’ विचारतात आणि परततात. पाहायला हवे ते माकडहाड आणि टाचा. ज्यांना स्वतःहून कुशीवर वळता येत नाही त्यांच्या हाडावरच्या त्वचेवर अंगाचा भार सतत पडत राहिला की तिथला रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांतच पेशी मरू लागतात. माकडहाड, खुबे, टाचा आणि घोटे ही बेडसोरची नेहमीची ठिकाणे. कायम पाठीवर पडून असणाऱ्यांची खांद्याची पाती, कोपरे आणि डोक्याची मागची बाजूही पाहावी. प्राणवायूची नळी लावलेली असेल तर कानामागची त्वचा पाहावी, कारण ती जागा हमखास विसरली जाते.

पहिल्या टप्प्यात त्वचा अखंड असते, फक्त लाल दिसते. तिथे बोटाने दाबून सोडावे. दाबल्यावर जागा पांढरट पडली आणि मग पुन्हा लाल झाली, तर भार हटवल्यावर ती बहुधा पूर्ववत होते. दाबूनही लाली हटली नाही तर बेडसोर सुरू झाला आहे. सावळ्या त्वचेवर ही लाली नीट दिसतच नाही. तेव्हा ती जागा शेजारच्या त्वचेपेक्षा गरम किंवा गार, कडक किंवा लिबलिबीत लागते का, हे हाताने पाहावे. दुसऱ्या टप्प्यात वरची साल जाते किंवा फोड येतो, तिसऱ्यात जखम चरबीपर्यंत पोहोचते आणि चौथ्यात स्नायू किंवा हाड उघडे पडते. जखमेवर काळी खपली धरली असेल तर तिची खोली वरून कळत नाही, म्हणून ‘वरवरचं आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही.

‘काल रात्रीत झालं’ हे खुलाशाचे सर्वांत लाडके वाक्य. खोल जखम एका रात्रीत होत नाही. एक अपवाद प्रामाणिकपणे सांगायला हवा. कधी कधी आधी जांभळा डाग दिसतो आणि एक-दोन दिवसांत तिथे खोल जखम फुटते. पण त्या डागामागचा दाबसुद्धा साधारण ४८ ते ७२ तास आधी पडलेला असतो. म्हणून डाग दिसला त्या दिवसाची नव्हे, त्याआधीच्या दोन-तीन दिवसांची चौकशी करावी. त्या काळात माणूस रुग्णालयात किंवा लांबच्या प्रवासात होता का, हेही पाहावे. दोष प्रत्येक वेळी केंद्राचाच असतो असे नाही.

काळजी घेतली जाते आहे की नाही, हे ओळखणेही अवघड नाही. साध्या गादीवर साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची असते, आणि खुर्चीत बसवलेल्यांना तासाभराने उचलून पुन्हा नीट बसवायचे असते. पोटरीखाली उशी ठेवून टाचा गादीपासून अधांतरी ठेवायच्या. जेवणाची वेळ सोडून पलंगाची डोक्याची बाजू ३० अंशांपेक्षा फार वर ठेवायची नाही, कारण माणूस खाली घसरतो आणि माकडहाडावरची त्वचा आतून फाटते. लाल जागेवर तेल लावून चोळणे आणि मधोमध भोक असलेली गोल रबरी उशी देणे, हे दोन्ही उपाय नुकसान करतात, तरी ते प्रेमाने केले जातात. हवेची गादी असली तरी कूस बदलावीच लागते. त्या गादीचा पंप चालू आहे का, ते वाकून पाहावे. गादीखाली तळवा सरकवल्यावर वर झोपलेल्याचे हाड हाताला टेकत असेल, तर ती गादी फक्त बिलात आहे.

आता वजन. महिन्यातून किमान एकदा वजन करून त्याची नोंद व्हायला हवी, आणि ती नोंद नातेवाइकांनी मागून पाहावी. प्रयत्न न करता एका महिन्यात ५ टक्के, तीन महिन्यांत साडेसात टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन घटले तर ते गंभीर मानतात. ६० किलोच्या माणसाचे महिन्याभरात तीन किलो उतरले, की वयाकडे बोट दाखवून चालणार नाही. कारणे बहुधा साधी असतात. कवळी हरवलेली असते, तोंडात फोड असतात, ताट समोर ठेवून अर्ध्या तासाने तसेच परत नेले जाते. गिळायला त्रास होणाऱ्या एका माणसाला नीट भरवायला अर्धा तास सहज लागतो. एकाच मावशींवर आठ जणांना भरवायची जबाबदारी असेल तर हे गणित जुळत नाही. मग घास कोंबले जातात, ठसका लागतो, अन्न श्वासनलिकेत जाते आणि काही दिवसांनी न्यूमोनिया होतो. भरवताना माणूस ताठ बसलेला हवा आणि जेवणानंतर निदान अर्धा तास त्याला आडवे करू नये. तापाचे कारण शोधताना आधी हे विचारावे.

पाण्याबाबत एक वाईट प्रथा सांगितली पाहिजे. रात्री डायपर बदलावे लागू नयेत म्हणून संध्याकाळनंतर पाणी देणेच टाळले जाते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितले नसेल, तर वृद्ध स्त्रियांच्या पोटात दिवसाला सुमारे १.६ लिटर आणि पुरुषांच्या पोटात २ लिटर पेये गेली पाहिजेत. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे ‘मागितलं नाही’ या सबबीला अर्थ नाही, पाणी समोर धरून द्यावे लागते. हाताची त्वचा चिमटीत धरून पाहण्याची पद्धत म्हाताऱ्या त्वचेवर फसवी ठरते. कोरडी जीभ, गडद आणि थोडी लघवी, उभे राहताना चक्कर, आणि विशेषतः एक-दोन दिवसांत अचानक सुरू झालेली असंबद्ध बडबड किंवा सुस्ती यांकडे लक्ष द्यावे. कालपर्यंत ओळखणारा माणूस आज ओळखत नसेल तर तो स्मृतिभ्रंश वाढल्याचा पुरावा नाही. संसर्ग, पाण्याची कमतरता, तुंबलेली लघवी किंवा नवे औषध यांतले काहीतरी बहुधा सापडते, आणि त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टर हवा. असेच बद्धकोष्ठाचे. आतड्यात मळाचा खडा अडकला की बाजूने पातळ झिरपत राहते. नोंदीत ‘जुलाब’ लिहिले जाते, जुलाब थांबवायचे औषध दिले जाते आणि हाल दुप्पट होतात.

अंगावरचे वळ आणि काळे-निळे डाग यांबाबत घाईने निष्कर्ष काढू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पलंगाच्या कडेला लागूनही मोठा डाग पडतो, आणि हातांवर जांभळे ठिपके येणे या वयात नेहमीचेच. फरक जागेवरून कळतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, वृद्धांना चुकून लागून पडलेल्या डागांची रोज पाहणी केली होती. त्यांतले सुमारे ९० टक्के डाग हातापायांवर होते. मान, कान, नितंब, जननेंद्रिय आणि तळपाय यांवर एकही नव्हता. त्यामुळे या जागांवर डाग दिसला तर खुलासा मागितलाच पाहिजे. दंडावर ओळीने उमटलेले बोटांचे ठसे, मनगटाला किंवा घोट्याला गोल फिरलेला वळ हे पकडल्याचे वा बांधल्याचे लक्षण. भाजल्याची जखम मोज्यासारखी एका सरळ रेषेवर संपत असेल तर पाय गरम पाण्यात धरला गेला असण्याची शक्यता असते. शिंतोडे उडून झालेल्या जखमा अशा रेखीव नसतात. त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्षही कामाचा आहे. रंगावरून डाग किती दिवसांचा हे सांगता येत नाही, पहिल्याच दिवशी पिवळे दिसणारे डागही त्यात होते. म्हणून ‘पिवळा आहे म्हणजे जुना, इथे यायच्या आधीचा’ हा युक्तिवाद मान्य करू नये.

बांधण्याचा दुसरा प्रकार गोळीचा. पूर्वी गप्पा मारणारा माणूस प्रत्येक भेटीत पेंगत असेल, लाळ गळत असेल, हातपाय ताठ झाले असतील, पाय घासत चालून वारंवार पडत असेल, तर औषधांचा तक्ता मागावा. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, ओलान्झापिन किंवा लोराझेपाम यांपैकी काही नव्याने सुरू झाले आहे का ते पाहावे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना मनोविकारावरची ही औषधे दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा सर्वांत कडक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्ये नव्या पिढीच्या औषधांवर छापायला लावला आणि २००८ मध्ये तो जुन्या औषधांनाही लागू केला. लोराझेपाम वेगळ्या गटातले आहे, पण त्यानेही गुंगी येते आणि पडण्याचा धोका वाढतो. ही औषधे कधीच देऊ नयेत असे नाही. पण कोणी लिहून दिली, कोणत्या लक्षणासाठी, किती दिवसांसाठी आणि ती कमी करण्याचा विचार कधी होणार, याची उत्तरे लेखी हवीत. ‘रात्री ओरडतात’ हे लक्षण आहे. ओरडण्यामागे दुखणे, भरलेले मूत्राशय, ओला डायपर किंवा भीती आहे का, हे आधी शोधले गेले होते का? नातेवाइकांनी मात्र अशी गोळी परस्पर एकदम बंद करायला लावू नये, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवावी लागते.

चष्मा कपाटात, श्रवणयंत्राची बॅटरी संपलेली, बोलावण्याची घंटा पलंगामागे लोंबकळणारी, नखे वाढलेली, अंगावर दुसऱ्याचे कपडे. यातले एखादे एकदा दिसले तर चूक समजावी, दर वेळी दिसले तर पद्धत. पैशांच्या बाबतीत, कार्ड आणि चेकबुक केंद्राच्या ताब्यात ठेवू नये. एखादा कर्मचारी अचानक फार जवळचा होऊन कागदांवर सह्या-अंगठे घेऊ लागला तर तिथेच थांबवावे.

आता कागद. औषधे दिल्याची नोंद, कूस बदलल्याचा तक्ता, वजनाची वही आणि पडझडीची नोंदवही, या चार गोष्टी शांतपणे वाचणाऱ्याला बरेच काही कळते. खऱ्या नोंदी ओबडधोबड असतात. वेळा २.१०, ४.२५ अशा असतात, शाई बदलते, कुठे ‘नकार दिला’ असे लिहिलेले असते. महिनाभर एकाच पेनने, एकाच हाताने, ठोक्याला २, ४, ६ असे लिहिलेले असेल तर तो तक्ता महिनाअखेरीस बसून भरलेला असतो. आमचे आवडते परीक्षण म्हणजे, माणूस ज्या दिवशी रुग्णालयात भरती होता त्या दिवशीचा रकाना पाहणे. तिथेही ‘कूस बदलली, जेवण पूर्ण घेतले’ अशी सही सापडली की बाकीच्या तक्त्याची किंमत कळते.

भेटीची वेळ ठरलेली असेल तर केंद्रही त्या वेळेपुरते ठरलेले दिसते. जेवणाच्या वेळी, रात्री पाळी बदलताना, सुट्टीच्या दिवशी दुपारी जावे. न कळवता येऊ न देणारे केंद्र आधीच एक उत्तर देऊन बसलेले असते. जाल तेव्हा शेजारच्या पलंगांकडेही पाहावे. ज्यांना भेटायला कोणी येत नाही त्यांची अवस्था हीच केंद्राची खरी पातळी.

संशय आला तर वृद्ध व्यक्तीशी एकांतात बोलावे. ‘तुम्हाला कोणी मारलं का?’ असे तोंडात शब्द घालणारे प्रश्न टाळावेत. ‘इथे काय लागलं?’, ‘रात्री काय होतं?’, ‘कोणाची भीती वाटते का?’ एवढे विचारून थांबावे आणि उत्तर आले तसे, त्यांच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवावे. स्मृतिभ्रंश आहे म्हणून सांगणे खोटे ठरत नाही. तारीख चुकेल, नाव चुकेल, पण विशिष्ट व्यक्ती खोलीत आली की अंग चोरणे, आंघोळीचे नाव काढताच थरथरणे हे खोटे वठवता येत नाही. बरेच जण ‘इथे कोणाला बोलू नका, तुम्ही गेल्यावर मला इथेच राहायचंय’ म्हणतात. ही भीती खरी असते. त्यामुळे तक्रार केल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत घरच्यांनी आळीपाळीने रोज कोणीतरी तिथे असावे.

श्वासाचा त्रास, डोक्याला मार, हाड मोडल्याची शंका, शुद्ध हरपणे किंवा उघडी दुर्गंधी येणारी जखम असेल तर चर्चा नंतर, आधी रुग्णालय. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला लागले असेल तर माणूस हिंडताफिरता दिसला तरी लगेच तपासणी लागते, कारण मेंदूवरचा रक्तस्राव काही तासांनी, कधी काही आठवड्यांनीही लक्षणे दाखवतो. लैंगिक अत्याचाराची शंका असल्यास आंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत, ते प्लास्टिकऐवजी कागदी पिशवीत ठेवावेत आणि शक्य तितक्या लवकर, ७२ तास उलटायच्या आत वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. पोलिसांना त्याच वेळी कळवावे, केंद्राच्या अंतर्गत चौकशीची वाट पाहू नये.

जखमेची छायाचित्रे वृद्ध व्यक्तीच्या संमतीने, आणि तिला संमती देता येत नसेल तर तिच्या हिताची जबाबदारी असलेल्या नातेवाइकाच्या समोर काढावीत. एक लांबून, शरीराचा कोणता भाग ते कळेल असे, आणि एक जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून. दोन-तीन दिवसांनी पुन्हा काढावे. तपासणाऱ्या डॉक्टरांना जखमेची जागा, लांबी-रुंदी आणि दिलेला खुलासा जखमेशी जुळतो का, हे लिहून द्यायला सांगावे. ही छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकू नयेत. आजींची लाज जाते आणि पुरावाही वादात सापडतो.

तातडीचा धोका नसेल तेव्हा पहिली तक्रार केंद्राच्या प्रमुखांकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. अर्ज एका पानाचा पुरे. काय दिसले, कधी, कोण हजर होते, आणि काय हवे. ‘लक्ष द्यावे’ असे मोघम लिहिले की उत्तरही मोघम येते. ‘जखमेसाठी आज डॉक्टर बोलवावा, कूस बदलल्याची वेळ पलंगाशी लावलेल्या कागदावर लिहावी, वजन दर आठवड्याला करावे, अमुक दिवशी पुन्हा बैठक घ्यावी’ असे लिहिले तर झाले की नाही ते तपासता येते. ठरल्या तारखेपर्यंत काही हलले नाही, तर त्याच अर्जाची प्रत जोडून केंद्राला परवाना देणाऱ्या आणि तपासणी करणाऱ्या कार्यालयाकडे जावे. मारहाण, पैशांची लूट किंवा जीव धोक्यात घालणारी हयगय असेल तर ही पायरी न चढता थेट पोलीस. मावशींवर ओरडून काही साधत नाही. उलट, काय घडले ते सांगू शकणारी तीच व्यक्ती असते, आणि बरेचदा तिला ते सांगायचेही असते.

कारण दोष बहुधा पाळीच्या तक्त्यात असतो. २००१ मध्ये अमेरिकन सरकारसाठी झालेल्या अभ्यासाने, दीर्घ शुश्रूषेतल्या माणसाला हयगयीपासून वाचवायचे तर दर दिवशी प्रत्येकी एकूण ४.१ तासांची शुश्रूषा लागते, असे काढले होते. त्यांतले २.८ तास आयांचे आणि बाकीचे परिचारिकांचे. कोणत्याही केंद्रात जागा घेण्याआधी रात्री किती माणसांमागे किती कर्मचारी जागे असतात, हे विचारून हा भागाकार स्वतः करून पाहावा.

दुसरीकडे हलवायचे ठरले तर एका दुपारी रागाने सामान बांधून नेऊ नये. स्मृतिभ्रंश असलेल्यांना जागा बदलल्याचा धक्का बसतो, गोंधळ वाढतो, पडणे वाढते. औषधांच्या तक्त्याची, वजनाच्या नोंदींची आणि शेवटच्या तपासण्यांची प्रत आधी हातात घ्यावी. नव्या ठिकाणी पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी तिथल्या परिचारिकेसोबत डोक्यापासून टाचेपर्यंत त्वचा पाहावी, प्रत्येक डाग आणि जखम मापासह लिहावी आणि त्या कागदावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. नाहीतर जुन्या जखमेचे खापर नव्या केंद्रावर फुटते आणि नव्या ठिकाणी झालेली जखम ‘येतानाच होती’ म्हणून खपवली जाते.

आपले,
वृद्धांच्या शुश्रूषेत काम करणाऱ्या काही परिचारिका आणि डॉक्टर